बुडबुड्यांचा आनंद आणि ग्रॅमचा हिशेब

नाशिकची ओळख आता द्राक्षांइतकीच वाइननेही होते. १९८०च्या दशकात नारायणगावात फसफसणारी वाइन तयार होऊन परदेशी गेली. पुढे सुला नाशिकमध्ये उभी राहिली आणि २०१३ मध्ये दिंडोरीची शाँडों बाजारात आली. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या मोटारींत मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांइतकेच नाशिककरही असतात. या वाइनचा आस्वाद घेणे ही चैन असेल, पण ती समजून घेणे हे शहाणपण आहे.

या वाइनसाठी शेनिन ब्लांसारखी द्राक्षे लवकर, आंबटपणा टिकून असतानाच खुडतात. आधी साधी वाइन बनते. मग पारंपरिक पद्धतीत तीच बाटलीत भरून थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि बाटली बंद करतात. यीस्ट साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि तो वायू बाटलीतच विरघळतो. पुढे काही महिने वाइन यीस्टच्या गाळावर मुरते. ताज्या पावासारखा वास येतो तो त्यामुळेच. शॅम्पेन हे नाव मात्र फ्रान्समधल्या त्याच प्रांतातल्या वाइनचे.

बाटलीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून अधिक असतो. बूच उडवण्याच्या हौसेत डोळा गमावलेल्यांची नोंद नेत्रवैद्यकात आहे. बाटली चांगली थंड करावी, तोंड माणसांपासून दूर ठेवावे, बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवावी. आवाज जितका कमी, तितका वायू वाइनमध्ये अधिक राहतो.

खरा प्रश्न ग्लासातल्या अल्कोहोलचा आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे जाहीरपणे सांगितले गेले. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा, यात वाद नाही. पण यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. १२ टक्के अल्कोहोलच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक ग्लास म्हणजे सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे 'फक्त एक ग्लास वाइन' ही छोट्या पेगपेक्षा जास्तच भरते.

त्यात बुडबुड्यांची भर. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासात वायू असलेली शॅम्पेन आणि वायू काढून टाकलेली शॅम्पेन यांची तुलना केली गेली. वायू असलेली प्यायल्यावर रक्तातले अल्कोहोल सुरुवातीला अधिक वेगाने वाढले. वायूमुळे पेय जठरातून लहान आतड्यात लवकर उतरत असावे, असा अंदाज आहे. गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा मात्र १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे.

'हृदयाला चांगली' हा युक्तिवादही इथे टिकत नाही. ज्या रेस्वेराट्रॉलचे कौतुक होते, ते मुख्यतः लाल द्राक्षांच्या सालीत असते आणि पांढऱ्या फसफसत्या वाइनमध्ये नगण्य. अल्कोहोलयुक्त पेयांना १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेने अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नसल्याचे सांगितले. गर्भवती, यकृताचे रुग्ण, झोपेच्या गोळ्या घेणारे यांनी तर थेंबभरही घेऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अल्कोहोलने अचानक उतरू शकते. जो पीत नाही, त्याने आरोग्यासाठी सुरू करण्याचे कारण नाही.

म्हणून सरसकट बंदीची मागणी करण्याची गरज नाही. मागणी प्रामाणिकपणाची हवी. चाखण्याच्या प्रत्येक दालनात ग्लासमागे किती ग्रॅम अल्कोहोल आहे हे मेनूवर छापावे. चाखून थुंकण्याचे भांडे टेबलावर ठेवावे, कारण चाखणे आणि पिणे वेगळे आहे. गटातल्या एकाने न पिता गाडी चालवावी. आणि ज्याला प्यायचीच आहे, त्याने पोटात काही असताना, पाण्यासोबत, सावकाश एकच ग्लास घ्यावा. आस्वाद पहिल्या ग्लासातच पुरता कळतो. तिसऱ्या ग्लासानंतर जिभेला चवही कळत नाही.