दातर्तीचा सायफन आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट

फायनल इयरच्या प्रोजेक्टची तोंडी घ्यायला मी अधूनमधून जातो. खानदेशातल्या कुठल्याही कॉलेजात जा, एक तरी ग्रुप ‘स्मार्ट इरिगेशन’ घेऊन बसलेला असतोच. टेबलावर तुळशीची कुंडी, तिच्यात खोचलेला ओलावा मोजणारा सेन्सर, आर्डुइनो आणि मोबाइलच्या चार्जरवर चालणारा इवलासा पंप. माती सुकली की पंप सुरू, पोरं खूश. अशाच एका ग्रुपमधल्या मुलाला विचारलं, घरी शेती आहे का? होती. यावल तालुक्यात, केळीची, सगळी ठिबकवर. मग म्हटलं, तुमच्या एका ड्रिपरमधून तासाला किती लिटर पाणी पडतं? गप्प. रात्रीची लाइट असते तेव्हा मोटर कोण चालू करतं? ‘आबा.’ आणि फिल्टर कधी धुतात? त्यानं शेजारच्या पार्टनरकडे पाहिलं. पार्टनरनं कुंडीकडे.

कोड मात्र पाठ होता. प्रोजेक्ट विकतचा होता हे मलाही माहीत होतं, त्यालाही. त्याला दोष देववत नाही. दहावीपासून घरात एकच ऐकलेलं: तू फक्त अभ्यास कर, शेताकडे फिरकू नको.

खानदेशातल्या पोरांना पूर्वी इंजिनिअर व्हायचं तर गाव सोडावं लागायचं. 1983 मध्ये वसंतदादांच्या सरकारनं खासगी कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच सुमारास गिरणेपलीकडे बांभोरीला आणि इकडे धुळ्याला इंजिनिअरिंग आलं. जळगावचं सरकारी कॉलेज 1996 चं, शिरपूरचं 2001 चं. कॉलेज घराजवळ आलं, पोरांची नजर मात्र महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसून पुण्याला गेली. क्लास पुण्याचा, प्रोजेक्ट पुण्याचा, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट तर घरबसल्या डाउनलोड केलेलं.

दर 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, याच कॉलेजांत विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार पडतो. भाषणात कृष्णराजसागर येतं, खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे येतात, 1955 चं भारतरत्न येतं. पण धुळे जिल्हा त्या भाषणात मी फारसा ऐकलेला नाही, आणि या माणसाच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं तर इथलीच. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून 1883 ला पहिल्या नंबरानं पास होऊन 1884 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले आणि नाशिक-धुळ्याकडे आले. तेविशीच्या आसपासचा पोरगा. सुरुवातीलाच पदरात पडलेलं काम म्हणजे पांझरेच्या खोऱ्यात, साक्रीकडच्या दातर्तीला पाइपचा सायफन बांधणं.

सायफन म्हणजे पाटाचं पाणी प्रवाहाच्या तळाखालून पाइपातून पलीकडे काढायचं. एका काठाला पाणी खाली उतरतं, दुसऱ्या काठाला जवळजवळ तेवढ्याच उंचीला वर येतं. घर्षणात जाईल तेवढं कमी. सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये यावर अर्ध्या पानाचं गणित असतं आणि पोरं ते सोडवतातही. पण पेपरातल्या पांझरेला पूर येत नाही. दातर्तीला पाऊस सुरू झाला आणि काम अडलं. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना लिहिलं, पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावं म्हणतो. साहेबाला ते मुळीच रुचलं नाही. नव्या माणसानं असं पाऊल मागं घ्यावं याबद्दल त्यानं चांगलंच सुनावलं. विश्वेश्वरय्यांनी काम पुन्हा हाती घेतलं आणि पुरं करून दाखवलं. ‘मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ’ या आपल्या आठवणींत त्यांनी हे स्वतःच सांगितलंय.

यात बरोबर कोण? मला तरुणाची बाजू पटते. पावसाळ्यात नदीत खोदकाम रेटणं हा शहाणपणा नाही, आणि साहेबाला पांझरेपेक्षा शिस्तीची काळजी जास्त असावी. पण त्याहून मोलाचं मला ते पत्र वाटतं. साइटवर उभं राहून अडचण काय ते पाहिलं, आपलं मत ठरवलं आणि वरच्याला लेखी कळवलं. मत चाललं नाही, तर तोंड वाकडं न करता त्याच नदीत उतरून काम केलं. नोकरीतलं पहिलं वर्ष असंच असतं. एम-थ्रीचं मॅथ्स एकदाचं सुटलं की जग जिंकलं असं वाटणाऱ्या पोराला याची कल्पना नसते. चाळीस पानी रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग करून आणणाऱ्या ग्रुपला मी सांगून पाहिलंय, तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं ते एका पानावर लिहून द्या. पान कोरं येतं.

त्याच पांझरेवर फड पद्धत आहे, कित्येक पिढ्यांची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, दर वर्षी फड बदलून. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. विश्वेश्वरय्यांनी पुढे नीरेच्या कालव्यावर जमिनीचे गट पाडून पाणी देण्याची ब्लॉक पद्धत आणली. तिचं मूळ या फडांत शोधायचा मोह मला होतो, पण पुरावा हाती नसताना खानदेशी अभिमान आवरलेला बरा. साक्रीचा सिव्हिलचा पोरगा मात्र ‘पार्टिसिपेटरी इरिगेशन मॅनेजमेंट’च्या पाच ओळी पाठ करतो, आणि त्याचा आजा पाटकरी असतो.

मेकॅनिकलवाल्यांना जळगावची एमआयडीसी आहे. डाळ मिल, पाइप, प्लॅस्टिकच्या चटया. भवरलाल जैन यांनी 1980 मध्ये पीव्हीसी पाइप सुरू केले आणि त्या दशकाच्या शेवटी ठिबक आणलं. भुसावळजवळ दीपनगरचं वीज केंद्र. मोठ्या कंपनीच्या गेटवर सेकंड इयरच्या पोराला लगेच आत घेणार नाहीत हे खरं. डाळ मिलचा मालक मात्र ओळखीच्या ओळखीतून निघतो, आणि एलेव्हेटरचा पट्टा का घसरतो हे मिस्त्रीच्या बाजूला बसून महिनाभर पाहायला तो फी घेत नाही.

यावलच्या त्या पोराला शेवटी एक काम सांगितलं. केळीच्या पहिल्या ओळीतल्या एका ड्रिपरखाली मापाचा पेला ठेव, दहा मिनिटं मोज. मग शेवटच्या ओळीच्या टोकाला जाऊन तेच कर. आकडे जुळले नाहीत तर कारण शोध: दाब कमी पडला, क्षार साचले, फिल्टर तुंबला, की सबमेनच बारीक घेतली होती. सापडेल ते एका पानावर लिही, मराठीत लिहिलं तरी चालेल, आणि ते पान आबांना वाचून दाखव. ते चुका काढतील, त्या खाली लिहून ठेव. मोजणी मे महिन्यातच उरकायची, कारण जूनमध्ये पाऊस लागला की मोटर बंद.