‘व्हाइब’ नको, अल्बम सांगा

इंडी पॉप आणि पॉप-पंक ऐकणाऱ्या आपल्या लोकांना एक वाईट खोड आहे. कुणी ‘काय ऐकू?’ विचारलं की आपण साठ गाण्यांची प्लेलिस्ट पाठवून देतो आणि वर लिहितो, ‘व्हाइब आहे भावा.’ मी याला शिफारस मानत नाही, ही टाळाटाळ आहे. साठांतलं एखादं तर आवडेलच, म्हणजे आपली आवड पणाला लागतच नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या माझ्या शाळेतल्या मित्राला मीही अशीच लिस्ट पाठवली होती. तीन महिन्यांनी त्यानं विचारलं, ‘ह्यातलं नेमकं कोणतं ऐकू?’ त्यानं माझं मत मागितलं होतं आणि मी त्याला गोदामाची किल्ली दिली होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून सांगतो. तुम्ही गाणं कितव्या सेकंदाला सोडलं हे अ‍ॅपला कळतं. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला काय ऐकवावं, हे त्याच्या मित्रानंच सांगायचं असतं. आपणही कारण न देता नुसती यादीच देणार असू, तर मग अ‍ॅप काय वाईट?

तर आधी मी सांगतो. ऑल्वेज या कॅनडाच्या बँडचा ‘ब्लू रेव्ह’ (२०२२). चोरानं डेमो असलेला रेकॉर्डर पळवला, दुसऱ्या दिवशी तळघरात पाणी शिरून वाद्यं वाचवायची वेळ आली. शेवटी स्टुडिओत त्यांनी अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग वाजवला. म्हणून तो ऐकायचाही सलगच. दुसरा, लिंडा लिंडाज या लॉस एंजेलिसच्या चार मुलींचा ‘ग्रोइंग अप’ (२०२२). अर्ध्या तासाच्या आत संपतो, एकही गाणं उगाच ताणलेलं नाही.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं म्हणू नका. जालन्याहून संभाजीनगरला एसटीनं जा, उतरायच्या आत दोन्ही अल्बम होतात. तेवढा वेळ आपण रील्स सरकवतोच की.

दुसरा आक्षेप घरचाच: ‘जालन्याच्या पोराला अमेरिकेतल्या पोरांची कटकट कशाला?’ ‘डूकी’ (१९९४) करणाऱ्या ग्रीन डेचा बिली जो आर्मस्ट्राँग रोडिओ नावाच्या छोट्या गावात वाढला. गावाला तेलशुद्धीकरण कारखान्याची सोबत. आपल्याकडे स्टीलच्या रोलिंग मिल आहेत. कारखान्याच्या गावातली संध्याकाळ आणि ‘इथून निघायचंय’ ही चीड आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण मग आपल्याच दुटप्पीपणावरही बोलू. ‘ग्रोइंग अप’मध्ये एक गाणं सरळ स्पॅनिशमध्ये आहे. ते आपल्याला ‘ऑथेंटिक’ वाटतं. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड २०२४ मध्ये स्वतः लिहिलेलं ‘गुलाबी साडी’ गातो, ते मात्र आपल्याला वरातीतलं वाटतं. गाणं आवडलं नाही तर नका ऐकू. पण रोडिओची बोली भारी आणि आपली गावंढळ, असं मानणाऱ्यानं ‘इंडी’ हा शब्द तोंडात घेऊ नये. ज्याला स्वतःच्या गावाची लाज वाटते, त्याला पॉप-पंक कळलंच नाही. ते संगीतच गावावर चिडलेल्या आणि तरीही गावाचंच गाणाऱ्या पोरांचं आहे.

मित्राला मी शेवटी फक्त ‘ग्रोइंग अप’ पाठवला. सोबत दोन ओळी: ‘पाळी सुटल्यावर ऐक. आपण बारावीला जसे चिडलेलो असायचो, तशा आहेत ह्या पोरी.’

सकाळी साडेसातला त्याचा मेसेज आला. ‘इंग्रजी अर्धी डोक्यावरून गेली. पण चिडलेल्या आहेत, ते कळलं. आपल्या भाषेत असं कोण करतंय?’

आता त्याला मराठीतला एक अख्खा अल्बम सांगायचाय. एकच, आणि कारणासकट. तुमच्याकडे असेल तर सांगा. लिस्ट पाठवू नका.