नोंद एकाची, पडदा दुसऱ्याचा

खिडकीशी उभे राहून आपण ग्राहक क्रमांक सांगावा आणि क्षणार्धात आपले नाव, पत्ता व थकबाकी समोरच्या पडद्यावर उमटावी, याचे आता कोणालाही नवल वाटत नाही. परंतु ती माहिती त्या खिडकीच्या मालकीची असतेच असे नाही. पुष्कळदा ती दुसऱ्याच्या दप्तरातून तेवढ्यापुरती मागवून घेतलेली असते.

आपल्या हैदराबादने हा प्रयोग फार लवकर पाहिला. १९९९ साली बंजारा हिल्स येथे ‘ट्विन्स’ या योजनेचे केंद्र सुरू झाले आणि २००१ साली तिचेच विस्तारित रूप ‘ई-सेवा’ या नावाने जुळ्या शहरांत आले. विजेचे बिल, पाणीपट्टी, मालमत्ता कर एकाच ठिकाणी भरता येऊ लागले. तरीही विजेच्या ग्राहकाची नोंद वीज कंपनीकडेच राहिली आणि नळाची जलमंडळाकडे. केंद्राजवळ होता तो केवळ पडदा.

त्या काळी असा पडदा उभारणे हे निष्णात संगणकतज्ज्ञांचे काम होते. आता ‘लो-कोड’ म्हणून ओळखली जाणारी साधने आली आहेत. मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवर अ‍ॅप्स’ हे त्यांपैकी एक. त्यांत तयार चौकटी जुळवून एखाद्या लहानशा पतसंस्थेतील कारकूनही ग्राहकांच्या माहितीचा पडदा स्वतः तयार करू शकतो. ही सोय स्वागतार्ह खरी. पण बाहेरची माहिती आपल्या पडद्यावर आणावयाची कशी, याचा विचार मात्र त्यालाच करावा लागतो.

मार्ग दोन आहेत. पहिला, मूळ दप्तराची प्रत काढून आपल्याजवळ ठेवण्याचा. यात काम जलद होते. परंतु ग्राहकाने घर बदलून मूळ ठिकाणी नवा पत्ता नोंदविला, तरी प्रतीत जुनाच पत्ता राहतो. दुसरा, प्रत न ठेवता प्रत्येक वेळी मूळ दप्तरात डोकावण्याचा. यात माहिती मूळ नोंदीइतकी ताजी मिळते. मात्र जोडणी तुटली की पडदा कोरा. प्रत ठेवणे भागच असेल, तर ती कोठून व कोणत्या तारखेला घेतली, हे पडद्यावर लिहिले पाहिजे.

आपल्या मराठी कुटुंबांना याहून निराळी एक अडचण भोवते. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी येते, बहुधा आद्याक्षराच्या रूपाने. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव. दोन दप्तरांचे रकाने अर्थ न पाहता केवळ क्रमाने जोडले, की आडनाव नावाच्या जागी जाते आणि वडिलांचे नाव गळून पडते. माहेरचे नाव एका नोंदीत व सासरचे दुसऱ्या नोंदीत असलेली स्त्री यंत्राच्या लेखी दोन व्यक्ती ठरते. मग वारसाचे काम असो वा ठेवीचे, ‘ती मीच’ हे सिद्ध करण्यासाठी तिलाच खेटे घालावे लागतात. म्हणून रकाने जोडणाऱ्याने पूर्ण नाव जसेच्या तसे दिसेल, अशी एक जागा राखून ठेवावी.

दुसऱ्याच्या दप्तरात डोकावता येते, म्हणून सारेच पाहावे असेही नाही. बिल घेणाऱ्याला थकबाकी कळणे आवश्यक आहे. ग्राहकाची जन्मतारीख कळण्याचे कारण नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला. त्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्कही नमूद आहे.

हा हक्क बजावताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पडद्यावर चूक दिसली, तर समोरच्या कारकुनाशी वाद घालण्यापूर्वी ‘ही नोंद आपल्याकडे कोठून आली?’ एवढे शांतपणे विचारावे. चूक मूळ दप्तरात असेल, तर ती तेथेच दुरुस्त करून घ्यावी आणि पोच जपून ठेवावी. एरवी एका खिडकीवर पुसलेली चूक दुसऱ्या खिडकीवर पुन्हा आपली वाट पाहत उभी असते.