शस्त्रांतील चांदी व तिचा हिशेब

१९८० सालीं चांदीच्या भावानें जागतिक बाजारांत जो उच्चांक गांठला होता तो २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यांत मोडला, व आपल्याकडे किलोचा भाव दीड लाख रुपयांच्या वर गेला. भाव चढला म्हणजे त्याच्या मागोमाग कारणेंही येतात. त्यांपैकीं एक कारण सराफकट्ट्यापासून शाळेच्या पटांगणापर्यंत सर्वत्र ऐकूं येतें. अमेरिकेच्या टॉमाहॉक नांवाच्या एकेका क्षेपणास्त्रांत म्हणे पांचशें औंस, म्हणजे साडेपंधरा किलो चांदी असते. जगांत युद्धें पेटलीं आहेत, सबब ही चांदी जळून जाणार, भाव वाढत राहणार, व शहाण्यानें घरांतील शिल्लक चांदींत घालावी.

हें विधान ज्या ठामपणें केलें जातें त्या मानानें त्याला आधार नाहीं, असें आमचें मत आहे. तें करणारे कोणत्याही कारखान्याचा वा सरकारचा हिशेब पुढें ठेवीत नाहींत. एकाचें ऐकून दुसरा सांगतो इतकेंच. तथापि वादाकरितां तें खरें धरूं. अशीं एक हजार क्षेपणास्त्रें एका वर्षांत उडालीं, तर साडेपंधरा टन चांदी गेली. जगांतील खाणींतून वर्षाला सुमारें पंचवीस हजार टन चांदी निघते. त्रैराशिक येणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास दिसेल कीं, हा अंश हजारीं एक देखील भरत नाहीं. उलट, उन्हापासून वीज करणाऱ्या तावदानांनीं २०२४ सालीं सुमारें सहा हजार टन चांदी घेतली. ज्या गृहस्थानें मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून चांदीच्या विटा घेतल्या, त्यास लाभ होईलही. पण तो क्षेपणास्त्रामुळें झाला असें त्यानें मानूं नये, व दुसऱ्यास तसें सांगून ठेव मोडावयास तर मुळींच लावूं नये.

मग शस्त्रांत चांदी नसतेच काय? असते, व ती कां असते हें समजून घेण्यासारखें आहे. विजेला वाट देण्यांत सर्व धातूंमध्यें चांदीचा पहिला क्रम लागतो. म्हणून जेथें विजेची जोड क्षणभरही चुकूं नये, तेथें टोंकांना चांदी लावतात. सोनार ज्या चांदीच्या डाखानें सांधा बसवितो, त्याच जातीच्या डाखानें यंत्रांतील नळ्यांचे सांधे जोडले जातात. दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन विमानांच्या इंजिनांत बेअरिंगांवर चांदीचा थर दिलेला असे. पण हें सारें वजनांत थोडें.

किलोंनीं मोजण्याजोगी चांदी पाहावयाची तर ती समुद्रांत पाहावी. पाणबुडीनें सोडलेल्या पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, थोड्या मिनिटांत प्रचंड वीज लागते व जागा तर बेताची असते. चांदी व जस्त यांची बॅटरी हलकी असून एकदम पुष्कळ वीज देते. ती महाग पडते व वरचेवर भरली असतां लवकर निकामी होते. पण पाणतीराचें आयुष्य तें केवढें! अमेरिकेचा मार्क ३७, इंग्लंडचा टायगरफिश, व विशाखापट्टणच्या प्रयोगशाळेंत आखलेला आणि २०१६ सालीं आपल्या नौदलाच्या हवालीं झालेला वरुणास्त्र हे तिन्ही ह्याच बॅटरीवर धांवणारे. दुसऱ्या एका जातींत मॅग्नेशियम व चांदीचें क्लोराइड असतें, आणि समुद्राचें पाणी आंत शिरलें म्हणजे बॅटरी जागी होते. अमेरिकेचा मार्क ४४ तसा होता. सरावाचा पाणतीर धांव संपल्यावर वर तरंगवून परत आणतां येतो. युद्धांत सोडलेल्या पाणतीरांतील चांदी समुद्राच्या तळाशीं गेली ती गेली.

आतां सर्वांत मोठी गोष्ट. १९४२ सालीं अमेरिकेंत ओक रिज येथें युरेनियमचे दोन प्रकार निराळे काढण्यासाठीं अवाढव्य विद्युच्चुंबक उभारावयाचे होते. त्यांच्या वेटोळ्यांस तांबें हवें; परंतु तांबें तोफांच्या व बंदुकांच्या टोप्यांकडे चाललें होतें, इतकें कीं १९४३ सालीं तेथील सेंट देखील पोलादाचा पाडला गेला. तेव्हां कर्नल निकल्स हे खजिन्याचे अधिकारी डॅनियल बेल यांजकडे हजारों टन चांदी मागावयास गेले. टन हा शब्द ऐकून बेल यांनीं त्यांस कळविलें, कीं खजिन्यांत चांदी टनांनीं मोजीत नसतात, औंसांनीं मोजतात. अखेर सुमारें त्रेचाळीस कोटी औंस, म्हणजे तेरा हजार टनांहून अधिक चांदी उसनी दिली गेली. तिच्या पट्ट्या झाल्या, पट्ट्यांचीं वेटोळीं झालीं, व त्या चुंबकांच्या साह्यानें हिरोशिमावर पडलेल्या बाँबचें चौसष्ट किलो युरेनियम बव्हंशीं सिद्ध झालें. ह्या चांदीपैकीं कांहींही त्या बाँबमध्यें बसविलेली नव्हती. पुढें यंत्रें उकलण्यांत आलीं, खालच्या फळ्या उपटून जाळल्या व त्यांच्या राखेंतून कण वेंचले. १९७० सालीं शेवटची चांदी खजिन्यांत परत पोंचली, तेव्हां तूट हजारीं एका भागाहूनही कमी होती.

हिशेब इतका चोख ठेवणाऱ्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. सरकारी धन असेंच जपावें. परंतु त्याच कामांत ६ ऑगस्ट १९४५ च्या बाँबनें जे लोक मेले त्यांचा आंकडा अजून अंदाजानेंच सांगतात. त्या वर्षाअखेर सुमारें एक लाख चाळीस हजार, आणि त्यांतही दहा हजारांचा इकडेतिकडे फरक धरावा लागतो. चांदी औंसावारी, व माणसें दहा हजारांच्या अंतरानें! ज्यांस ह्यांत कांहीं विपरीत वाटत नाहीं, त्यांच्याशीं आमचा वाद चालणार नाहीं.

म्हणून एका क्षेपणास्त्रांत किती चांदी, हा प्रश्न आम्हांस फार लहान वाटतो. युद्धासाठीं चांदी कोणाची घेतली व ती कोणीं फेडली, हें विचारलें म्हणजे पुष्कळ उलगडतें. आणि तें विचारतांना आपल्याच देशाकडे पाहावें लागतें. पहिल्या महायुद्धांत येथें चांदीचा एवढा दुष्काळ पडला कीं १९१७ सालीं एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, व पुढच्या वर्षीं अमेरिकेनें आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवून त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानाकरितां विकली. दुसऱ्या युद्धांत उपाय निराळा झाला. तोंवर रुपयांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. १९४० सालीं ती निम्म्यावर आणली. वजन तेंच, नांव तेंच, पण दर रुपयामागें जवळजवळ पांच ग्रॅम चांदी कमी. जुने रुपये पुढील तीन वर्षांत क्रमाक्रमानें चलनांतून रद्द झाले. ह्या चांदीनें एकही तोफ घडली नाहीं. तरी ती युद्धाच्याच कामीं आली, आणि ती घराघरांतून गेली.

एवढ्यानेंही भागलें नाहीं. १९४४ पासून उसनवारीच्या कायद्यान्वयें अमेरिकेकडून सुमारें साडेबावीस कोटी औंस चांदी आणली गेली, म्हणजे ओक रिजला लागली त्याच्या निम्म्याहून अधिक. बोली औंसास औंस परत देण्याची होती. कर्ज काढलें परकीय सरकारनें, व फेड आली स्वतंत्र झालेल्या भारतावर आणि पाकिस्तानावर. अमेरिकेस आपली चांदी चुंबकांवरून उतरवून घेतां आली; आपल्याजवळ उतरवावयास चुंबक नव्हते. १९४० नंतर पाडलेले निम्म्या चांदीचे रुपये, अधेल्या व पावल्या लोकांच्या हातांतून परत घेण्यांत आल्या, त्यांतील चांदी निराळी काढण्यासाठीं कलकत्त्यास कारखाना उभारला, व १९५० नंतरच्या दशकांत ती चांदी अमेरिकेस परत गेली. लोकांच्या हातीं १९४७ पासून निकलचा रुपया आलेला होता.