उलटसुलट शब्दांचें गणित

ज्यांच्या घरीं एखादें तरी मूल संगणकाच्या नादीं लागलेलें आहे, त्या वाचकांस थोडक्यांत थोडकी आज्ञावली लिहिण्याच्या पैजा ठाऊक असतीलच. एक प्रश्न ठरवावयाचा, आणि तो सोडविणारी आज्ञावली कमींत कमी अक्षरांत कोण लिहितो हें पाहावयाचें; खेळ एवढाच. बुद्धीचा हा व्यय कशासाठीं, असें आम्हांस प्रथम वाटलें होतें. परंतु परिभाषेन्दुशेखराच्या अखेरीस नागेशभट्टांनीं वैयाकरणांविषयीं जें नमूद केलें आहे, कीं अर्धी मात्रा वांचली तरी त्यांस पुत्रजन्माचा आनंद होतो, त्याची आठवण झाली आणि आम्हीं तोंड मिटलें. हा ग्रंथ १८६८ ते १८७४ या काळांत संपादून इंग्रजींत उतरविणारे कीलहॉर्नसाहेब आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतच संस्कृत शिकवीत होते.

गेल्या महिन्यांत आमच्या पुतणीनें अशीच एक पैज घरांत आणली. दिलेल्या वाक्यांतील शब्द वेदाच्या घनपाठाप्रमाणें लावून दाखवावयाचे. घरांतील तरुण मंडळींस घनपाठ म्हणजे काय हें माहीत नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें अर्धवटच माहीत होतें. आमचे चुलते तात्या मात्र नव्वदीच्या घरांत असून लहानपणीं ऋग्वेद शिकलेले. त्यांस विचारावें लागलें.

संहिता, पद आणि क्रम हे तीन मूळ पाठ. त्यांपुढें जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दण्ड, रथ आणि घन अशा आठ विकृति. वेदवाक्य उगाच तोंडीं नको, म्हणून तात्यांनीं आम्हांस 'बंडू सकाळीं मंडईंत गेला' हें वाक्य दिलें. क्रमपाठांत दोन दोन शब्दांची सांखळी: बंडू सकाळीं, सकाळीं मंडईंत, मंडईंत गेला. जटेंत प्रत्येक जोडी सुलट, उलट व पुन्हा सुलट. घनांत त्याहून पुढें: बंडू सकाळीं, सकाळीं बंडू, बंडू सकाळीं मंडईंत, मंडईंत सकाळीं बंडू, बंडू सकाळीं मंडईंत. मग एक शब्द सोडून 'सकाळीं'पासून पुन्हा तेंच. लांब ओळींतील मधला शब्द अशा रीतीनें तेरा वेळां उच्चारला जातो. एवढ्या वेळां, आणि तोही दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसह उलटसुलट म्हटलेला शब्द गाळणें किंवा बदलणें अवघड. लेखनाचा आधार न घेतां ग्रंथ शुद्ध राखण्याची ही योजना आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं १८७४ साली 'इंडियन अँटिक्वरी'त या पठणाची माहिती देऊन पाश्चात्य पंडितांचें लक्ष तिकडे वेधलें. त्यांच्याच नांवानें १९१७ साली पुण्यांत निघालेल्या संस्थेंतील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांस २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतींत स्थान मिळालें. पण तात्यांच्या गुरुजींच्या हातांत पाठ देतांना पोथी नसे.

पुतणीनें जेवण होण्यापूर्वींच दोन ओळींची आज्ञावली लिहून दाखविली. तिची युक्ति आम्हांस फार आवडली. तीन शब्दांस १, २, ३ अशा खुणा देऊन सगळा नियम तिनें १२२११२३३२११२३ या तेरा आंकड्यांत बसविला. पडद्यावर बंडूची ओळ झरझर उमटली, आणि आम्हीं सर्वांनीं टाळ्या वाजविल्या.

तात्या डोळे मिटून ऐकत होते. "शेवटची जोडी कुठें आहे?" त्यांनीं विचारलें. मोजून पाहिलें तर खरेंच. तीन शब्द उरत नाहींत म्हणून आज्ञावली थांबली होती. 'मंडईंत गेला' ही जोडी स्वतंत्रपणें सुलट, उलट, सुलट यावयाची राहिलीच. सव्वीस शब्द झाले होते, बत्तीस हवे होते. (अर्धर्चाच्या अखेरीस 'इति' लावून पद पुन्हा म्हणण्याचा प्रकार आम्हीं या हिशेबांत धरलेला नाहीं.)

ती चूक दोन मिनिटांत दुरुस्त झाली. दुसरी मात्र अजून झालेली नाहीं. "तुझे शब्द एकमेकांस शिवत नाहींत," तात्या म्हणाले. त्यांनीं 'तत्' आणि 'एव' हे दोन शब्द घेतले. सुलट म्हटलें कीं 'तदेव'. येथें 'त्'चा 'द्' झाला, मूळ अक्षर झांकलें गेलें. उलट म्हटलें कीं 'एव तत्', आणि तेथें 'त्' उघडा पडला. जटा सलग म्हणतांना 'तदेवैव तत्तदेव' असें येतें. उलटें म्हणण्यांतील मर्म येथें आहे. नुसत्या अदलाबदलींत तें नाहीं. शिवाय शेजार बदलला कीं उदात्तादि स्वरही बदलतात. संधीचे व स्वरांचे नियम घालूं गेल्यास आज्ञावली दोन ओळींची राहणार नाहीं, हें पुतणीनें तत्काळ कबूल केलें.

आणि मग तिनें विचारलें, "तात्याआजोबा, तुम्ही मला हें तोंडानें शिकवाल?"

माजघरांत एकदम शांतता झाली. तात्यांनीं मुलींस वेद सांगितलेला नव्हता. त्यांच्या सख्ख्या बहिणी दाराआडून ऐकत असत. पुण्यांत ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांतून शिकलेल्या स्त्रिया पौरोहित्य करतात हें त्यांस ठाऊक आहे, व तें त्यांस रुचत नाहीं हेंही आम्हांस ठाऊक आहे. आमच्या दोन्ही मुलांस ते शिकवावयास तयार होते, तेव्हां त्यांनीं वेळ नाहीं म्हणून टाळलें. त्याबद्दल आम्हीं कधीं त्यांचे कान धरले नाहींत, हा दोष आमच्याच पदरीं. तात्यांनीं त्या रात्रीं उत्तर दिलें नाहीं. २००३ साली वेदपठण युनेस्कोनें मानवजातीचा ठेवा म्हणून घोषित केलें, तें वर्तमानपत्रांतील कात्रण मात्र ते उशाशीं घेऊन बसलेले आम्हीं पाहिलें.

चवथ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं तिला हांक मारली. "वेदाचें मागाहून पाहूं. आधीं बंडूचा घन न चुकतां म्हणून दाखव. कागद नको." ती अकराव्या शब्दाला अडखळली. तात्या म्हणाले, "पुन्हा." आम्ही कचेरीस निघालों तेव्हां तो बंडू सहाव्यांदा मंडईंत चालला होता.

तिनें वाचकांसाठीं एक प्रश्न दिला आहे: सात शब्दांच्या वाक्याचा घन, 'इति'चा प्रकार सोडून, किती शब्दांचा होईल? उत्तर पुढील अंकीं.