उरुग्वेचा ‘चमत्कार’ आणि गाळलेली शंभर वर्षे

१/
दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशाची एक कथा समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. वस्ती जेमतेम पस्तीस लाख. जमिनीखालून ना तेल निघते, ना कोळसा, ना वायू. अशा देशाने म्हणे अवघ्या दहा वर्षांत आपली जवळजवळ सगळी वीज पाणी, वारा, जैवभार आणि सूर्य यांपासून मिळवली. आकडे खरे आहेत. कथा मात्र अर्धी आहे, आणि गाळलेल्या अर्ध्या भागातच तिचे मर्म आहे.

२/
ही कथा सांगणारे दोन पंथ आहेत. पहिल्याच्या मते हे साध्या राहणीसाठी प्रसिद्ध असलेले राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका यांचे एकहाती कर्तृत्व. दुसऱ्याच्या मते सरकार बाजूला सरले, बाजारपेठ खुली झाली आणि पवनचक्क्या उभ्या राहिल्या. दोन्ही दावे कालक्रमाच्या पहिल्याच कसोटीवर कोसळतात.

३/
मुहिका सत्तेवर आले मार्च २०१० मध्ये. २०३० पर्यंतचे ऊर्जाधोरण २००८ साली, ताबारे वास्केस यांच्या कारकिर्दीत मंजूर झाले होते. रामोन मेंदेस हे भौतिकशास्त्रज्ञ त्याच वर्षी ऊर्जा संचालक झाले. सिएरा दे लोस काराकोलेस येथील १० मेगावॉटचा सरकारी पवनप्रकल्पही २००८ चाच. मुहिकांच्या काळाचे खरे श्रेय निराळे आहे : २०१० साली संसदेतील चारही पक्षांनी हे धोरण मान्य केले. सरकार बदलले तरी धोरण बदलणार नाही, ही हमी त्यातून मिळाली.

४/
आता बाजारपेठेचा दावा. वीजनिर्मिती खासगी भांडवलास खुली करणारा कायदा उरुग्वेत १९९७ सालीच झाला. पुढील दहा वर्षांत त्या उघड्या दारातून पवनऊर्जेचा एकही मोठा प्रकल्प आत आला नाही. वारा तोच होता, कायदाही होता; वीस वर्षे वीज विकत घेण्याचे वचन देणारा खात्रीचा ग्राहक मात्र कोणी उभा केला नव्हता.

५/
तो ग्राहक म्हणजे ‘उते’ ही सरकारी वीजसंस्था. तिचा जन्म १९१२ चा. राष्ट्राध्यक्ष होसे बात्ये इ ओर्दोन्येस यांनी वीजपुरवठा ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरवली आणि तिला मक्तेदारी दिली. पुढे शतकभर तारा, खांब, अभियंते, हिशेबवह्या आणि ग्राहकांचा विश्वास ही पुंजी तिच्यापाशी साठत गेली. दहा वर्षांच्या ‘चमत्कारा’मागे अशी शंभर वर्षांची शिदोरी आहे.

६/
परावलंबनाचा धडाही या देशाने फार पूर्वी गिरवला होता. रिओ नेग्रो नदीवरील रिंकोन देल बोनेते धरणाचे काम १९३७ साली जर्मन कंपन्यांकडे सोपवले गेले. महायुद्ध पेटले आणि जर्मनीहून येणारी यंत्रसामग्री अडकली. अखेर अमेरिकेच्या साहाय्याने १९४५ च्या डिसेंबरात वीज सुरू झाली. पुढे १९५९ च्या महापुराने हेच केंद्र बंद पाडले. दूरच्या युद्धाने आणि जवळच्या नदीने, दोघांनीही देशाला अंधाराची भीती दाखवली.

७/
त्यानंतर आणखी धरणे झाली. अर्जेंटिनासह बांधलेल्या साल्तो ग्रांदे येथून १९७९ साली वीज मिळू लागली. पण मोठ्या नद्या तेवढ्याच होत्या आणि मागणी वाढतच होती. पाऊस रुसला की आयात तेल जाळायचे, नाहीतर शेजाऱ्यांकडून वीज मागायची. २००४ साली अर्जेंटिनाने स्वतःच्या टंचाईपायी वायूची निर्यात आखडती घेतली. सर्वांत मोठा फटका चिलीला बसला. परंतु शेजाऱ्याच्या भरवशावर देशाचे दिवे लावता येत नाहीत, हे सगळ्या भूभागाला कळून चुकले.

८/
आता १९९२ साल पाहावे. सरकारी कंपन्यांच्या खासगीकरणाला वाट देणाऱ्या कायद्यावर त्या वर्षी १३ डिसेंबरला सार्वमत झाले आणि सुमारे ७२ टक्के मतदारांनी त्यातील कळीची कलमे रद्द केली. शेजारच्या अर्जेंटिनात विक्रीची लाट होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या मतदारांना अडाणी आणि काळाच्या मागे राहिलेले ठरवणारे आज त्याच देशाच्या पवनचक्क्यांचे गोडवे गातात, तेव्हा सार्वमताचा उल्लेख सोयीस्करपणे टाळतात.

९/
प्रत्यक्ष यंत्रणा साधी होती. ‘उते’ने लिलाव पुकारले : जो स्वस्त वीज देईल त्याच्याशी वीस वर्षांचा करार. २०११ च्या लिलावात भाव प्रति मेगावॉट-तास सुमारे ६३ डॉलरपर्यंत उतरला. पवनचक्क्या बहुतांशी खासगी, तारा व वितरण सरकारी. काही प्रकल्पांत सामान्य बचतदारांचाही पैसा गुंतला. २०१७ पर्यंत पवनऊर्जेची क्षमता १,५०० मेगावॉटच्या घरात पोहोचली. वारा वाहतो तेव्हा धरणातले पाणी राखायचे, पडतो तेव्हा सोडायचे. जुनी धरणे नव्या वाऱ्याची कोठारे झाली.

१०/
यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि मराठी वाचकाला तो चटकन सुचेल. डॉलरमधला दीर्घ करार, गरज नसली तरी पैसे मोजण्याची अट, आणि खरेदीदार सरकारी मंडळ : मग हे दाभोळच नव्हे काय? गुहागर तालुक्यातील त्या प्रकल्पाचा करार १९९३ साली झाला, वीज १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००१ मध्ये केंद्र बंद पडले.

११/
साम्य आहेच. मागणीहून जास्त वीज तयार झाली तरी ‘उते’ला तिचे पैसे द्यावे लागतात, आणि या अटीवर उरुग्वेत कडाडून टीका होते. परंतु दाभोळच्या पहिल्या टप्प्यात नाफ्था जळत होता. तेल महागले, रुपया घसरला, की दोन्हींचा भार महाराष्ट्राच्या वीज मंडळावर. वाऱ्याच्या करारात इंधनाची रकमच नाही. भाव पहिल्या दिवशी कळतो आणि आखातातल्या युद्धाने तो वर चढत नाही. आयातदार देशाच्या खजिन्यासाठी हा फरक किरकोळ नव्हे.

१२/
म्हणून उरुग्वेला स्वर्ग ठरवण्याचेही कारण नाही. पवनचक्क्या परदेशातून आल्या. मोटारी आणि मालट्रक अजून मुख्यतः आयात तेलावर चालतात. अवर्षणाच्या वर्षी तेल पुन्हा जाळावे लागते. वीज स्वच्छ झाली म्हणजे देश ऊर्जेत स्वयंपूर्ण झाला, हे समीकरण मांडणारे वीज आणि ऊर्जा यांतील भेदच पुसून टाकतात. मात्र २०२१ साली ब्राझील दुष्काळाने हैराण असताना उरुग्वेने त्याला मोठ्या प्रमाणावर वीज विकली, हेही नोंदवलेच पाहिजे.

१३/
हा वाद केवळ श्रेयाचा नाही. तेल विकत घेऊन दिवे लावणाऱ्या प्रत्येक गरीब देशाला आज उरुग्वेचे उदाहरण सांगितले जाते, आणि अनेकदा त्याच दमात आपले वीज मंडळ मोडीत काढण्याचा सल्लाही दिला जातो. ज्याच्या सहीवर सावकाराचा विश्वास आहे तो खरेदीदारच उरला नाही, तर वीस वर्षांच्या करारावर सही कोण करणार?

१४/
अर्थात सरकारी मालकी ही जादूची कांडी नाही. तोट्यात बुडालेली, निवडणुकीच्या तोंडावर वाकवली जाणारी मंडळे याच जगात आहेत. उरुग्वेत मालकीला जोड मिळाली ती पत राखण्याची, लिलाव उघडपणे करण्याची आणि विरोधी पक्षाला सोबत घेण्याची. यांतले काहीही आयात करता येत नाही. पवनचक्की जहाजातून येते. संस्था मात्र घरीच, पिढ्यानपिढ्या घडवावी लागते. उरुग्वेची कथा सांगायचीच, तर ती १९१२ पासून सांगावी.

#इतिहास #ऊर्जा #उरुग्वे