हौस त्यांची, जात आमची?

शहरातला एखादा साहेब सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत रंधा मारून गिटार घडवतो, तेव्हा त्याला 'छंद' म्हणतात. तेच लाकूड सुतार पिढ्यान्‌पिढ्या तासतो, कोणी ढोलकीला कातडे चढवतो, तेव्हा मात्र आधी जात विचारली जाते. काम तेच; मान मात्र हात कोणाचा आहे ते पाहून मिळतो.

आता आपल्यातला एखादा तरुण घरी तुणतुणे घडवायला बसला, की आपलेच लोक विचारतात, 'बाबासाहेबांनी ही कामं सोडायला सांगितली, तू पुन्हा कातड्याला हात लावतोस?'

या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे. बाबासाहेबांचा विरोध कातड्याला नव्हता, सक्तीला होता. 'जातिप्रथेचे विध्वंसन' (१९३६) मध्ये त्यांनी दाखवून दिले, की जातिव्यवस्थेत माणसाचा धंदा त्याच्या आवडीने किंवा कुवतीने नव्हे, जन्माने ठरतो. मग जन्माने ठरवलेले काम नाकारणे हा जसा विद्रोह, तसे हवे ते काम स्वतः निवडणे हाही विद्रोहच!

तुणतुण्याकडे नीट पाहा. लाकडाचे पोकळ नळकांडे, तळाला ताणून बसवलेले कातडे, बाजूला ठोकलेली बांबूची काठी आणि वर खुंटी. कातड्यातून निघालेली एकच तार नळकांड्यातून थेट खुंटीपर्यंत जाते. कातडे सैल राहिले तर आवाज बसतो, खुंटी ढिली असेल तर सूर उतरतो. म्हणजे सुताराचे लाकूड, चांभार-ढोरांचे कातडे, बुरुडाचा बांबू आणि शाहिराचा सूर, सगळे एका वाद्यात! जातीने वेगवेगळ्या घरांत कोंडलेली ही कौशल्ये एकाच माणसाने शिकायची ठरवली, तर मनूची वाटणी त्याच्या हातात तरी मोडते.

एक तुणतुणे केल्याने जात संपेल, असा भाबडा दावा मी करत नाही. ज्यांचे पोट या कामावर आहे, त्यांना योग्य दाम आणि मान मिळेपर्यंत आपला छंदही अपुराच. म्हणून ज्या कारागिराकडून शिकाल, त्याला शिक्षकाची फी द्या आणि चारचौघांत त्याचे नाव घ्या. फोटो तुमचा आणि घाम त्याचा, हा तर जुनाच ब्राह्मणी व्यवहार झाला.

आणि १४ एप्रिलचे काय? भीमराव कर्डकांच्या जलशांनी, वामनदादांच्या गाण्यांनी चळवळ गावोगाव नेली. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आपण मात्र वस्तीची वर्गणी डीजेच्या भिंतींवर उधळतो. त्या दणदणाटात शब्दच ऐकू येत नाहीत, मग विचार कुठून ऐकू येणार?

यंदा प्रत्येक वस्तीत निदान एक तुणतुणे आपल्या पोरापोरींनी स्वतः घडवावे आणि त्याच्या साथीने स्वतःचे गाणे म्हणावे. भाड्याचा आवाज परत करावा लागतो, स्वतः घडवलेला कोणी परत मागू शकत नाही.

जय भीम!